दाढीवाली राणी

आमच्या शाळेच्या ऑफिसात मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे एक फोटो टांगलेला होता. पुठ्ठ्याचा मुकुट, काथ्याची दाढी, छातीवर हात आडवे धरलेला एक गुटगुटीत मुलगा उंच पाठीच्या खुर्चीत बसलाय, दोन्ही बाजूंना भालेवाले उभे, आणि खाली पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय, 'इजिप्तचा राजा'. तो फोटो खोटा आहे. म्हणजे मुलगा खरा, मुकुट खरा, दाढी तर मी स्वतःच्या हातांनी केलेली. राजा तेवढा खोटा. माझ्या निरोप समारंभाला मला नेमकं त्याच फोटोखाली बसवलं, आणि शाल पांघरताना कुणीतरी कौतुकानं म्हणालं, "हे बाईंनीच बसवलेलं नाटक, बरं का!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर मुलं फुलं घेऊन उभी होती म्हणून गप्प राहिले, नाहीतर खुर्चीवर चढून तो फोटो खाली उतरवला असता.

कुणाला वाटेल, केवढा तो राग, आणि तो कशावर, तर शाळेच्या गॅदरिंगच्या फोटोवर! हो, आहे राग. अजून आहे. आता निवृत्त झालेय, मला कुणी मेमो देऊ शकत नाही, तेव्हा काय झालं ते सांगूनच टाकते.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी पनवेलच्या एका मराठी शाळेत पाचवीला इतिहास शिकवत होते. त्या पुस्तकात इजिप्तच्या राजांना दीड पान होतं. हजारो वर्षं राज्य केलेली माणसं दीड पानात, आणि त्यातली अर्धी जागा पिरॅमिडच्या चित्रानं खाल्लेली! आमचे मुख्याध्यापक म्हणायचे, "बाई, पोर्शन संपवा. धडा वाचून घ्या, प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहा, मुलं उतरवून घेतील. मेलेल्या राजांवर किती दिवस घालवणार?"

मी म्हटलं, "सर, इतिहासात सगळे मेलेलेच असतात."

त्यांना ते आवडलं नाही. त्यांना माझं फारसं काही आवडायचंच नाही.

पण दहा वर्षांच्या मुलांना फळ्यावरून इजिप्त उतरवून द्यायचा म्हणजे त्यांच्या ताटात नुसता कोरडा भात टाकून निघून जाण्यासारखं आहे. मला ते जमत नाही. मी घरून जुनी निळी साडी आणली आणि बाकांच्या मधून ती अंथरली. ही नाईल. दरवर्षी पूर येतो, गाळ पसरतो, त्यावर धान्य पिकतं, आणि त्या धान्यावर राजा बसतो. खाडीकाठच्या गावातला एक मुलगा लगेच म्हणाला, "बाई, आमच्याकडं उधाण आलं का बांध फुटतो नि खारं पानी शिरतं शेतात. त्यांचं पानी गोड होतं म्हनून त्यांचा राजा झाला." मी म्हटलं, अरे वा, हे दीड पानात नाही लिहिलेलं!

मग आम्ही एका बाहुलीची ममी केली. धोतराच्या पट्ट्या गुंडाळल्या, बुटांच्या खोक्यात ठेवली. राजा मेला तरी त्याला पुढच्या जगात भूक लागते, म्हणून त्याच्याबरोबर खायचं ठेवतात, असं सांगितल्यावर वर्गाला ऊत आला. कुणी म्हणालं पापलेट ठेवा, कुणी म्हणालं नुसतं पापलेट नको, तांदळाची भाकरी पण हवी. मोहल्ल्यातला एक मुलगा म्हणाला, "बाई, माझी अम्मी शीरखुर्मा देईल, पण ईदला." राजानं ईदपर्यंत थांबायचं ठरलं. शेजारच्या वर्गावरचे गुरुजी दारात येऊन उभे राहिले आणि विचारलं, "इतिहासाचा तास आहे का पंगत?" मी म्हटलं, "दोन्ही."

दाढीवाल्या राणीची गोष्ट पुस्तकात नव्हती. ती मला वाचनालयातल्या एका जाडजूड पुस्तकात सापडली, आणि सापडल्यावर ती मुलांना सांगितल्याशिवाय मला राहवेना. तिचं नाव मुलांच्या जिभेवर बसत नव्हतं, म्हणून तिचं बारसं आम्हीच केलं, दाढीवाली राणी. तिचा नवरा राजा होता, तो वारला. सवतीचा मुलगा गादीचा वारस, पण तो अगदीच लहान. तेव्हा ही त्याच्या वतीनं कारभार बघायला लागली. बघता बघता तिच्या लक्षात आलं की कारभार तर मीच करतेय, मग राजा मी का नाही? आणि ती झाली राजा. राणी नव्हे, राजा! मुकुट घातला, हातात राजदंड घेतला. पण तिथल्या रीतीप्रमाणे राजाला दाढी हवी, म्हणून हनुवटीला खोटी दाढी बांधली. देवळं बांधली, दूरदेशी जहाजं पाठवून सुगंधी झाडं मुळांसकट आणवली. वर्षानुवर्षं राज्य केलं. आणि ती मेल्यावर काही काळानं लोकांनी छिन्नी-हातोडे घेतले आणि भिंतीवरून तिचा चेहरा खरवडून काढला. बाई राजा होती हे पुढच्यांना कळायलाच नको!

मुलांना मेलेल्या राजांचं काही वाटत नाही, पण चेहरा खरवडला म्हटल्यावर सगळ्यांचे हात आपापल्या गालांवर गेले.

तेवढ्यात खिडकीजवळच्या बाकावरून आवाज आला, "पन बाई, तिनी दाढी कशाला लावली? बसली ना गादीवर? मंग बसली!"

ही पोरगी कोन नावाच्या गावाहून यायची. रोज पळस्पे फाट्यावर एसटी पकडायची. घट्ट दोन वेण्या, ढोपरं कायम फुटलेली, आणि आवाज असा की तिला खालच्या पट्टीत बोलायला सांगितलं तरी ते ग्राउंडवर ऐकू जायचं. मी म्हटलं, अगं, रीत होती ना, राजा म्हणजे पुरुष. तर म्हणते कशी, "माजी आजी धवलारीन हाय. ती लगीन लावते. ती कुठं दाढी लावते?"

मी घाटावरची, लग्न होऊन इकडे आलेली. मला धवलारीण म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मग काय, सगळा वर्ग माझा मास्तर झाला. आगऱ्यांच्या लग्नात म्हणे भट असो नसो, धवलारीण लागतेच. ती धवळे गाते, म्हणजे लग्नविधीची गाणी. हळद कधी लावायची, मांडवात काय आधी आणि काय नंतर, सगळं ती सांगेल तसं. ती म्हणेल थांबा, तर नवरदेवसुद्धा थांबतो. "आणि तुझे आजोबा काय करतात?" मी विचारलं. "आजोबा नायत. मी व्हायच्या आधीच गेले."

म्हणजे आजी विधवा. माझ्या लग्नात माझी सख्खी आत्या, जिनं मला न्हाऊमाखू घातलं होतं, ती विधवा म्हणून स्वयंपाकघरात दाराआड बसून होती. अक्षता टाकायलासुद्धा बाहेर आली नाही, आणि कुणी तिला बोलावलंही नाही. आम्ही शिकलेसवरलेले! आणि इथे एक विधवा म्हातारी अख्ख्या मांडवाला उठवते-बसवते. मला माझ्याच लोकांचा असा काही संताप आला की त्या दिवशी पुढचा तास मी नीट घेऊच शकले नाही.

गॅदरिंगला पाचवीनं दाढीवाल्या राणीचा दरबार करायचा हे मुलांनीच ठरवलं. राजा कोण होणार, हा प्रश्नच आला नाही. सगळ्या वर्गानं खिडकीकडे बोट दाखवलं. संस्थेच्या अध्यक्षांचा नातू आमच्याच वर्गात होता, त्यानंसुद्धा. चांगला पोरगा होता तो, त्याच्यावर माझा काडीचाही राग नाही. त्याला सेनापती व्हायचं होतं, कारण सेनापतीला तलवार मिळणार होती.

तयारीला आम्ही जोरात लागलो. काथ्या काळ्या शाईत बुडवून, वाळवून, वळून दाढी केली आणि तिला कानावर अडकवायला नाडी लावली. मुकुट साड्यांच्या खोक्यांचा. सिंहासनासाठी शाळेत एकच लायक वस्तू होती, ती म्हणजे अध्यक्षांची खुर्ची. उंच पाठीची, कोरीव हातांची, लाल गादीची. एरवी ती ऑफिसात पांढऱ्या कापडाखाली झाकलेली असायची आणि साहेब आले की तिच्यावरचं कापड निघायचं. शिपाई मामांना विनवण्या करून आम्ही ती तालमीपुरती मिळवली. पोरगी पहिल्यांदा तिच्यात बसली तेव्हा तिचे पाय जमिनीला टेकेनात. खाली पाट ठेवला. मग तिनं हात छातीवर आडवे घेतले, हनुवटी वर केली आणि पहिलं वाक्य म्हटलं, "मी या देशाचा राजा आहे. ज्याला शंका असेल त्यानं पुढं यावं." मधल्या सुट्टीतली पोरं डबे हातात घेऊन खिडक्यांना लटकली.

आणि मग एक दिवस अध्यक्ष तालीम बघायला आले.

हे गृहस्थ मूळचे तिकडच्याच एका गावचे, आगरीच, पण आता पनवेलात बंगला बांधून राहत होते. शाळेत आले की आमच्याशी पुस्तकात छापल्यासारखं बोलायचे. दारातच त्यांचे पाय थबकले. आपल्या खुर्चीत आपल्या नातवाच्या वर्गातली एक पोरगी दाढी लावून बसलेली, आणि आपला नातू तिच्यापुढे गुडघे टेकून मुजरा करतोय!

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं. मला नाही, मुख्याध्यापकांना.

"ते... इजिप्त आहे साहेब," मुख्याध्यापक म्हणाले.

"मुलगी राजा? दाढी लावून? बाई, पालक येणार आहेत, प्रतिष्ठित माणसं येणार आहेत. हसं होईल आपलं."

मी म्हटलं, "साहेब, हे मी मनानं रचलेलं नाही. अशी राणी खरोखरच होऊन गेली."

"इजिप्तमध्ये झाली असेल. शाळा आपली आहे. बाईमाणूस असं गादीवर बसलेलं आपल्यात शोभत नाही." मग नातवाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "राजा याला करा. त्या मुलीला द्या दासीबिसीचं काम. पंखा हलवेल."

पंखा हलवेल! ती पोरगी समोर बसलेली, दाढी लावून, सगळं ऐकत! मी तोंड उघडणार तेवढ्यात मुख्याध्यापक म्हणाले, "साहेबांची सूचना रास्त आहे. तसं करा, नाहीतर आयटमच काढून टाकू." म्हणजे मी भांडले असते तर अख्ख्या वर्गाचा दरबार बुडाला असता. अध्यक्ष निघून गेल्यावर मी ऑफिसात जाऊन जे बोलायचं ते बोलले. इतका आवाज चढला माझा की बाहेर शिपाई मामांनी घंटा द्यायची सोडून कान लावले. उपयोग शून्य. मुख्याध्यापक टेबलावरची टाचणी उचलत होते आणि परत ठेवत होते.

वर्गात परत आले तर पोरीनं दाढी काढून नीट गुंडाळून मुकुटात ठेवली होती. मला म्हणाली, "बाई, मना पंखा नको. मी घरी बसेन." रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, मी समजूत तरी घातली असती.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या वेळेला व्हरांड्यात एक म्हातारी बसलेली दिसली. उंचीनं एवढीशी, काटक, नेसूचं लुगडं गुडघ्यापर्यंत आवळलेलं, कपाळ मोकळं, तोंडात पान. शेजारी आमची पोरगी. मला बघून म्हातारी म्हणाली, "तू बाय का? माजी नात सारखी तुजाच नाव घेते. कोन हाय तो गादीवर बसू देत नाय म्हनतो?"

मी तिला ऑफिसात घेऊन गेले. मुद्दामच नेलं, कशाला खोटं बोलू? अध्यक्ष गॅदरिंगच्या मांडवाचं बघायला आलेत हे मला ठाऊक होतं. ते आपल्या लाल गादीच्या खुर्चीत बसले होते आणि मुख्याध्यापक समोर उभे.

म्हातारी उंबऱ्यात आली मात्र, साहेब ताडकन उठले. पुढे येऊन वाकले आणि तिच्या पायांना हात लावला. आणि त्यांची ती छापील भाषा कुठच्या कुठे पळाली! "आयस," गावात म्हातारीला आई म्हणतात तसं म्हणाले, "तू कशाला आलीस? निरोप धारला असतास तं मीच आलो असतो. बस, बस." आणि बसायला दुसरं काय होतं तिथे? त्यांनी आपलीच खुर्ची पुढे ओढली. म्हातारी तिच्यात पाय वर घेऊन मांडी घालून बसली, आपल्याच ओटीवर बसावं तशी.

"लगीन जवल आलाय ना तुज्या धाकट्याचा?" तिनं विचारलं.

"हा. तुलाच यावाचा हाय ना."

"येन मी. पन मना एक सांग. तुजा लगीन कोनी लावला?"

"तू लावलास."

"तुज्या भावांचा?"

"तूच."

"मी बाईमानूस ना? मंग? मोडला का रे एक तरी?"

मुख्याध्यापकांनी टाचणी खाली ठेवली. अध्यक्ष हसल्यासारखं करून म्हणाले, "आयस, तसा नाय... ता नाटक हाय, लोका हसतील."

"मांडवात मी उभी राते तवा कोन हसतं? हसून दाखव म्हनावं." तिनं नातीला जवळ ओढलं. "माजी नात पंखा हलवाची नाय. राजा व्हयल नायतर घरी बसल. आनि ती घरी बसली तं मी पन घरी बसन."

झालं. धवलारीण घरी बसली तर लेकाच्या हळदीला धवळे कोण म्हणणार? सगळ्या गावात बभ्रा झाला असता. साहेबांनी मान हलवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "होऊ द्या बाई, तुम्ही ठरवलंय तसं." म्हातारी उठली, पान थुंकायला बाहेर गेली, आणि पोरगी माझ्याकडे बघून अशी हसली की दोन्ही गालांच्या खळ्या दिसल्या.

गॅदरिंगच्या दिवशी पडदा वर गेला तेव्हा म्हातारी पहिल्या रांगेत खुर्चीवर मांडी घालून बसली होती. दरबार रंगला. जहाजं आली, सुगंधी झाडं म्हणून आम्ही कुंड्यांतली तुळस आणि शेवंती आणली होती, सेनापतीनं तलवार जरा जास्तच फिरवली. आणि मध्येच, परदेशचा वकील बोलत असताना, दाढीची नाडी तुटली. दाढी एका कानावर लोंबायला लागली. प्रेक्षकांत खसखस पिकली. पोरगी काय करते? तिनं सावकाश दाढी काढली, खुर्चीच्या हातावर ठेवली, हनुवटी वर केली आणि त्या ग्राउंडवर ऐकू जाणाऱ्या आवाजात पुढचं वाक्य म्हटलं, "बोला, वकीलसाहेब. राजा ऐकतोय."

मग पहिल्या रांगेतून म्हातारी ओरडली, "बस तशीच!" आणि मांडव टाळ्यांनी दणाणला. शेवटच्या प्रवेशात मुलांनी पुठ्ठ्याच्या भिंतीवरचा राणीचा चेहरा खोट्या छिन्नीनं खरवडला तेव्हा बायका खरोखरच हळहळल्या. खाली उतरल्यावर म्हातारीनं नातीच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली आणि मला विचारलं, "बाय, हिचा फोटू निंगल ना? गादीवरचा? मना घरात लावाचा हाय." मी म्हटलं, "निघणार तर! फोटोग्राफर उद्या येणार आहे, सगळ्यांना परत कपडे घालून बसवणार आहेत. एक प्रत तुम्हाला मी स्वतः आणून देईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं की शिक्षण खात्याच्या कचेरीत काही कागद पोचवायचे आहेत, आणि ते तुम्हीच न्या. मला जरासुद्धा शंका आली नाही. कागद पोचवून परत आले तेव्हा तळ्याकाठचा स्टुडिओवाला आपले स्टँड आणि दिवे गुंडाळून रिक्षात भरत होता. "झाले का फोटो?" मी विचारलं. "मस्त झाले बाई, राजाचा तर एकदम झकास!"

राजाचा. राजा म्हणून त्यांनी अध्यक्षांच्या नातवाला बसवलं होतं. नवी नाडी लावून दाढी बांधली, मुकुट घातला, खुर्चीत बसवलं. नातू बिचारा म्हणत होता म्हणे, "सर, मी सेनापती आहे." त्याला सांगितलं, "गप्प बस, समोर बघ." आणि पोरीला? तिला बाजूला काढलं. चौकटीत जागा नाही म्हणाले. एवढा मोठा दरबार मावला, भालेवाले मावले, कुंड्या मावल्या, आणि राजाला जागा नाही!

मी ऑफिसचं दार ढकलूनच आत गेले. "सर, ही काय नीचपणाची हद्द आहे?" हेच शब्द वापरले मी, आणि आजही तेच वापरीन. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, शब्द जपून वापरा. नाटक तुमच्या मनासारखं झालं ना? मग फोटोचं काय एवढं? फोटो स्मरणिकेत छापायचाय, वर्षानुवर्षं राहणार तो." मी म्हटलं, "म्हणूनच!" त्यांना ते कळलंच नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. मी अध्यक्षांना चिठ्ठी पाठवली, उत्तर आलं नाही. स्टुडिओत जाऊन म्हटलं, माझ्या पदरच्या पैशानं त्या मुलीचा एक फोटो काढून दे. तो तयार झाला, पण खुर्ची कापडाखाली गेली होती, आणि मुकुट-दाढी मुख्याध्यापकांनी कपाटात बंद करून किल्ली घरी नेली होती. किल्ली! काथ्याच्या दाढीला कुलूप!

दोन दिवसांनी वर्गात गेले. इतिहासाचाच तास होता. पुस्तक उघडवेना. मुलं माना खाली घालून बसलेली, अध्यक्षांचा नातू तर बाकाखाली शिरायचाच बाकी होता. पोरगी खिडकीजवळ आपल्या जागेवर बसली होती, पाठ ताठ. मी तिच्या बाकाशी जाऊन बसले.

"तुला बाजूला काढलं तेव्हा तू काहीच बोलली नाहीस?"

"बोलले ना. मी बोलले, राजा मी हाय. सर बोलले, काल होतीस."

"आजीला सांगितलंस?"

तिनं मानेनंच नाही म्हटलं. "आजी फोटूची वाट बघत होती. भिंतीवर खिला पन मारून ठेवलाय. मी सांगितलं, रीळ जळला. सगल्यांचेच फोटू जळले." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी पन तसंच सांगा हां, बाई. नायतर ती लगीन लावाला जानार नाय, आनि मंग सगले तिलाच बोलतील."

दहा वर्षांची पोर, आणि हे सगळं एकटीनं गिळून बसलेली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "हे बघ, त्या राणीचंसुद्धा असंच झालं. तिचासुद्धा चेहरा खरवडलाच ना लोकांनी?"

तिनं हनुवटी वर केली. मग म्हणाली, "पन बाई, ती मरायची तरी वाट बघितली ना त्यांनी."